रिकाम्या पॅडवरचा हिरवा दिवा

गाडीच्या वायरिंगचं काम करता करता माझे केस पांढरे झाले. डायनॅमो, सेल्फ, हॉर्न, पंखा, मग सेंट्रल लॉक आणि कॅमेरे, सगळं हातांखालून गेलं. पण गेल्या काही वर्षांत दुकानात एक नवीनच तक्रार यायला लागली आहे. माणूस गाडीतून उतरतो, खिशातला फोन काढून हवेत धरतो आणि म्हणतो, "मिस्त्री, ठेवला की चार्ज होत नाई."

ठेवला की म्हणजे गिअरच्या पुढच्या खणात. तिथे हाताच्या तळव्याएवढी एक चपटी पाटी असते, वर रबराची मॅट असते. सगळे त्याला पॅड म्हणतात. आत तांब्याच्या तारेचं गोल वेटोळं. तसंच वेटोळं फोनच्या पाठीत असतं. दोन्ही एकमेकांसमोर नीट आली की करंट वायरीशिवाय या वेटोळ्यातून त्या वेटोळ्यात जातो. मधे अंतर चालतं ते फार तर जाड पुठ्ठ्याएवढं. नाचणगावचा माझा थोरला भाऊ हे ऐकून म्हणाला होता, "वायर नाई अन् करंट येते? मंग तू कायले पायजे?" प्रश्न बरोबर होता. वायर नसली की बिघाड दिसत नाही, म्हणूनच मी लागतो.

बहुतेक बिघाड साधे असतात. फोनचं कव्हर जाड असतं. कव्हरच्या आत कोणी एटीएम कार्ड ठेवतं आणि कार्ड अन् चार्जिंग दोन्ही गमावतं. एका डॉक्टरांचा फोन दर दोन मिनिटांनी चार्जिंग सोडायचा. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. मी त्यांना फक्त गाडीची चावी खणातून काढून खिशात ठेवायला सांगितली. बटणाची चावी होती. गाडी सारखी तिला शोधायची आणि तेवढा वेळ पॅड गप्प व्हायचा. डॉक्टर माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मीच नाडी पाहिली.

दुसरे एक टॅक्सीवाले. पॅड तापतो, मॅटला वास येतो, देवीचा कोप झाला म्हणून घाबरून आले. मॅट उचलली तर खाली देवीचं यंत्र, मंत्र कोरलेला तांब्याचा पातळ पत्रा. गाडीच्या रक्षणासाठी त्यांच्या बायकोनं ठेवलेलं. पॅडवर धातू आला की तो तापतो, त्यात देवीचा काही दोष नाही. यंत्र मी आरशाला टांगून दिलं.

आमच्या घरी असलं काही मानत नाहीत. वडील छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. त्या दिवसापासून भूत, भानामती, अंगात येणं हे सगळं उंबऱ्याबाहेर. मीही आयुष्यभर तेच धरून चाललो. कारण नाही असा बिघाड नसतो, आपल्याला सापडला नाही एवढंच. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात एका भर दुपारी मी गाडीचं दार उघडं टाकून रस्त्यावर पळालो होतो.

वर्ध्यात माझं दुकान आर्वी नाक्याच्या अलीकडे आहे. मे महिना होता. सकाळी दहाच्या सुमारास सुषमाताई झाडे गाडी घेऊन आल्या. त्या तेव्हा वर्ध्याला बँकेत होत्या, राहायच्या वडनेरला. रोज गाडीनं जाणं-येणं. त्यांचे यजमान विलासभाऊ माझे जुने गिऱ्हाईक. चहा पाजल्याशिवाय बिलाचं बोलू द्यायचे नाहीत असा माणूस. त्या मे महिन्याच्या दोन वर्षं आधी हृदयाच्या दुखण्यानं गेले. गाडी त्यांचीच, ते गेल्यावर ताई चालवायच्या. मुलगी नागपूरला शिकत होती. वडनेरच्या घरात ताई, आणि त्याच आवारात दीर गजानन, त्याला सगळे गजूभाऊ म्हणतात. गजूभाऊचं मोबाईलचं छोटं दुकान आहे.

"काका, फोन चार्ज होत नाई," ताई म्हणाल्या. "पहिल्यापासूनच धड होत नव्हता, आता नुसता गरम होते."

"पाहतो. मॅटच्या खाली काई ठेवलं का?"

"नाई." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पन एक करजा. दिवा लागते ना, तो तसाच राहू देजा. त्याले काई करू नका."

पॅडच्या कडेला बारीक दिवा असतो. फोन ठेवला आणि करंट जायला लागला की हिरवा होतो. "फोन ठेवल्यावर लागते तो?"

"नाई. फोन नसला तरी लागते. रिकाम्यावरच."

"असं होत नाई, ताई."

"होते." त्यांनी माझ्याकडे न पाहता गाडीच्या छतावर हात ठेवला. "तुमी यांचे जुने मिस्त्री आहा म्हणून सांगते. हसू नका. येता-जाता मी यांच्याशी बोलते. मोठ्यानं. तास-सव्वा तासाचा रस्ता आहे, कोन ऐकते? तर मी बोलायला लागली की थोड्या वेळानं तो दिवा लागते. आधी मले भेव वाटला. मंग समजलं. हो म्हणतात ते."

मी हसलो नाही.

"अन् गजूभाऊच्या सपनात येतात," त्या पुढे म्हणाल्या. "मी गाडीत जे बोलली ते सकाळी गजूभाऊ मले सांगतात. शब्दाला शब्द. भाऊ असं म्हणत होता, वहिनी असं म्हणत होती. मले नागपूरची बदली आली आहे, बढतीवर. मी यांना विचारलं गाडीत, जाऊ का म्हणून. दिवा लागला. मले वाटलं, जा म्हणतात. सकाळी गजूभाऊ म्हणाले, भाऊ म्हणते, घर सोडू नको, वावर दुसऱ्याच्या हातात देऊ नको. उद्या शेवटचा दिवस आहे. नकार लिहून ठेवला आहे मी." त्यांनी पर्सवर हात ठेवला. "तीन वाजता येते."

त्या ऑटोनं बँकेत गेल्या. मी गाडीकडे पाहत उभा राहिलो, कारण तो पॅड मीच बसवलेला होता.

विलासभाऊ गेल्यावर वर्षभरानं गजूभाऊ गाडी घेऊन आला होता. वहिनीला भेट द्यायची म्हणाला, पॅड त्याच्याच दुकानातला होता. मी वायर चावीच्या लाइनवर जोडत होतो, म्हणजे गाडी बंद झाली की पॅडही बंद. तो म्हणाला, "नाई मिस्त्री, डायरेक्ट बॅटरीवर द्या. चावी काढली तरी चालू राह्यला पायजे." मी म्हणालो, बॅटरी उतरेल. तो म्हणाला, "उतरू द्या. नवीनचे पैसे मी देतो." गिऱ्हाइकाचा हट्ट म्हणून मी फ्यूज टाकून जोडून दिलं. कशासाठी, हे विचारलं नाही. काम स्वच्छ झालं याचाच मला आनंद होता.

मे महिन्यातली वर्ध्याची दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही नसतं. शटर अर्धे ओढलेले, डांबर मऊ झालेलं, लांबवर हवा थरथरते. माझी दोन्ही कामाची माणसं जेवायला घरी गेली होती. गरम वाऱ्यासोबत धूळ आत येत होती म्हणून मी गाडीत बसून दार लावून घेतलं. चावी माझ्या खिशात होती.

फ्यूज पाहिला, ठीक. करंट पाहिला, बरोबर येत होता. माझा फोन ठेवला. तापला, चार्ज झाला नाही. फोन उचलला. पॅड रिकामा, दिवा बंद. सगळं जसं असायला पाहिजे तसं.

काम करताना गाडीशी बोलायची मला जुनी सवय आहे. "काय वं बाई," मी म्हणालो, "काय दुखते तुले? उघडूनच पाहावं लागते आता." मग ताईंचं बोलणं आठवलं आणि कशाला कोण जाणे, गंमत म्हणून म्हणालो, "विलासभाऊ, असाल तर लावा दिवा."

काही झालं नाही. मी पाना शोधायला वाकलो. वर पाहिलं तर रिकाम्या पॅडवर दिवा हिरवा झाला होता.

लुकलुकत नव्हता. शांत, एकसारखा जळत होता. गाडी बंद, चावी खिशात, आजूबाजूला माणूस नाही. बाहेर वाऱ्यानं पत्रा वाजत होता तेवढाच आवाज. मानेमागून घाम वाहत होता, तरी दंडांवर काटा आला. मी त्या दिव्याकडे पाहत बसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला वडील आठवले नाहीत, वायरिंग आठवलं नाही. मला विलासभाऊंची बसायची पद्धत आठवली, एक कोपर खिडकीवर टेकवून. मी बसलो होतो तीच ती खिडकी.

आणि माझा फोन वाजला.

गजूभाऊचा फोन. "मिस्त्री, वहिनीची गाडी हाय ना तुमच्याकडं? तो पॅड उघडू नका. काई बिघडला असन तर मी नवीन देतो. उघडूच नका."

मी विचारलं, "तुमाले कोन सांगतलं गाडी इथं हाय म्हणून?"

"वहिनी बोलली ना."

फोन ठेवला आणि मी बाहेर आलो. आलो म्हणजे दार तसंच उघडं टाकून समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिलो. पॅड उघडायचा विचार मी कोणाला सांगितला होता? फक्त गाडीला. चार मिनिटांपूर्वी.

सावलीत उभं राहून तांब्यातलं पाणी प्यायलो, तेव्हा डोकं चालायला लागलं. सुषमाताईंना फोन लावला. "ताई, गजूभाऊसोबत आज बोलल्या का तुमी? गाडी इथं ठेवली म्हणून?"

"नाई बा. त्यांना माहीतच नाई. काऊन?"

"काई नाई. तीन वाजता या."

भूत असतं तर कोणी पॅड उघडेल म्हणून ते भ्यालं नसतं. ही गोष्ट मला तिथे उमगली आणि भीती गेली. तिच्या जागी जे आलं ते भीतीपेक्षा वाईट होतं.

परत गाडीत गेलो तो एक शब्द न बोलता. श्वाससुद्धा बेताबेतानं घेत होतो. मॅटची कड पात्यानं उचलली. मॅट नीट डिंकानं चिकटवलेली होती, मी चिकटवली होती त्यापेक्षा जास्त सफाईनं. खाली कागदाएवढी पातळ एक काळी चकती. जुन्या फोनमध्ये वायरलेसची सोय नसते, त्यांच्या पाठीवर चिकटवायला असली चकती बाजारात मिळते. तिच्या पोटातही तेच तांब्याचं वेटोळं. तिच्यातून केसाएवढी वायर निघून फटीतून खाली गेली होती. खालचं कव्हर सोडलं. स्पंजमध्ये गुंडाळलेली काडेपेटीएवढी काळी डबी होती, तिच्या पोटात सिमकार्ड.

वाचकांना एवढंच सांगतो, की ती डबी म्हणजे तोंड नसलेला फोन. तिच्या नंबरवर कुठूनही फोन लावला की ती रिंग न वाजवता आपोआप उचलते आणि आजूबाजूचं बोलणं ऐकवते. जवळ कोणी बोललं की ती आपणहूनही मालकाला फोन लावते. तिची बॅटरी लहान असते, ऐकत बसलं की उतरते. उतरली की ती चकतीतून पॅडचा करंट ओढते आणि पॅडचा दिवा लागतो. भरली की दिवा बंद. ताईंचा फोन चार्ज होत नव्हता, कारण मधे ही चकती होती; पॅड दुसऱ्याच कोणालातरी पाजत होता.

म्हणजे रिकाम्या पॅडवर दिवा लागला, की समजायचं, कोणीतरी ऐकत आहे.

तीन वाजता ताई आल्या. त्या गाडीकडे जायला लागल्या तर मी हातानंच थांबवून त्यांना कडुनिंबाखाली बोलावलं. सगळं सांगितलं. मी कसं जोडून दिलं होतं तेही सांगितलं.

ताईंनी वळून गाडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमाले विचारावंसं नाई वाटलं, डायरेक्ट काऊन पायजे म्हणून?"

"नाई वाटलं."

"म्हणजे दिवा लागायचा तेव्हा..."

"तेव्हा गजूभाऊ ऐकत होते."

मला वाटलं त्या चिडतील. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. वर्षभर त्या रस्त्यावर काय काय बोलल्या ते एकेक आठवत असाव्यात. नवऱ्याशी बाई काय बोलत नाही? मी मान दुसरीकडे वळवली.

"मग ते नव्हतेच," त्या शेवटी एवढंच म्हणाल्या. गजूभाऊबद्दल नाही, आधी हे.

त्या वाक्याला मी आजवर उत्तर शोधतो आहे. बिघाड सापडला की गिऱ्हाईक खूश होतं, अशीच माझी आयुष्यभराची सवय. बिघाड काढून मी कोणाचं माणूस दुसऱ्यांदा नेलं, असं त्या एकाच दिवशी झालं.

थोड्या वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "काका, ते सगळं होतं तसं जोडा."

"ताई, कायले?"

"जोडा तुमी."

मी जोडलं, मॅट वर ठेवली. ताई स्टिअरिंगवर बसल्या, काच खाली केली, मला बाहेर उभं राहायला सांगितलं. मग नेहमीच्या आवाजात, जशा रोज बोलत असतील तशा, त्या बोलायला लागल्या. "अहो, आज फार ऊन आहे. बँकेत पंखा बंद होता. तुमची लेक काल फोनवर रडत होती, मेसचं जेवण आवडत नाई म्हणते..." असं बरंच. मी बाहेर उन्हात उभा होतो आणि कान झाकून घ्यावे असं वाटत होतं. दिव्याकडे पाहत होतो. पाच मिनिटं गेली असतील. दिवा लागला.

ताईंनी तो पाहिला. आवाज बदलला नाही, फक्त बोलणं बदललं.

"गजूभाऊ, तुमी आहा ना? आता नीट ऐका. उद्या मी बदलीच्या कागदावर सही करते. नागपूरले जाते, लेकीजवळ. वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, कोणाले द्यायचं ते मी ठरवीन. ही डबी माह्याजवळ राहीन, सिमसकट. सिम कोणाच्या नावावर आहे ते पोलिसांना एका दिवसात समजते. पुन्हा माह्या नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं तर त्यांच्याकडं जाते. नाई काढलं तर नाई जात."

मग मॅट उचलून त्यांनी स्वतःच्या हातानं चकती ओढली. वायर तुटली. दिवा विझला.

माझा फोन खिशात वाजायला लागला. गजूभाऊ. मी उचलला नाही. तो वाजून वाजून बंद झाला. ताईंनी पर्समधून एक कागद काढला, दोनदा घडी घातलेला. फाडून माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. पॅडही काढून टाकायला सांगितला. मी तो काढला, डायरेक्ट दिलेली लाइन बॅटरीपासून उपटली आणि खणावर प्लास्टिकची झाकणी लावली.

पोलिसांत त्या गेल्या नाहीत. मी एकदा सुचवलं. "एकाच आवारातले आहेत, काका. मुलीचं लग्न व्हायचं आहे," एवढंच म्हणाल्या. जायला पाहिजे होतं असं मला अजून वाटतं. पण ज्यानं तोंड बंद ठेवून ती वायर जोडली, त्यानं दुसऱ्याला बोल म्हणून सांगणं शोभत नाही. तेव्हापासून मात्र माझा नियम आहे. चावी काढल्यावरही काही चालू राहावं असं कोणी म्हणालं, की आधी विचारायचं, काऊन? दोन गिऱ्हाइकं उत्तर न देता निघून गेली. जाऊ द्या.

गेल्या हिवाळ्यात ताई नागपूरहून आल्या, बॅटरी बदलायला. बॅटरी नागपुरातही मिळते. काम होईपर्यंत त्या स्टुलावर बसून राहिल्या. तब्येत बरी दिसत होती. लेकीचं सांगितलं, नव्या घराचं सांगितलं.

"गाडीत बोलता का अजून?" मी विचारलं.

"नाई होत. सुरुवात करते, मंग वाटते कोनी ऐकून राह्यलं." त्या हसल्या, पण लगेच थांबल्या. "काका, एक विचारू? गजूभाऊनं मले पहिलं सपन सांगितलं ना, ते पॅड लावायच्या आधीचं आहे. म्हणाले, भाऊले थंडी वाजते, निळा स्वेटर मागते. दवाखान्यात शेवटच्या रात्री यांनी मले तेच म्हटलं होतं. निळा स्वेटर आन. मी आनते म्हटलं, अन् आनता नाई आला. हे मी कोनालेच सांगितलं नाई. गाडीत नाई, घरात नाई, लेकीले नाई. म्हणूनच तर मी पुढचं सगळं खरं धरलं. ते त्यांना कसं समजलं?"

माझ्या हातात पाना होता. डोक्यात एका वेळी पाच-सहा कारणं आली. दाराबाहेर कोण उभं होतं? पडद्यापलीकडे कोण झोपलं होतं? नर्स कोणाशी बोलली? दुःखात माणूस काय बोलून जातो ते त्याला आठवत नाही. एकेक विचारत गेलो असतो तर दहा मिनिटांत कारण सापडलं असतं. माझं कामच ते.

ताई माझ्याकडे पाहत होत्या.

"ते मले नाई सांगता येत, ताई," मी म्हणालो.

त्यांनी हळूच मान हलवली, जणू त्यासाठीच एवढ्या लांब आल्या होत्या. बॅटरीचा नट घट्ट करून मी बॉनेट लावलं. गाडी नाक्यावरून नागपूरच्या रस्त्याला वळली तेव्हा काचेतून मला त्यांचे ओठ हलताना दिसले, असं वाटलं. मी त्यांना सांगितलं ते खोटं होतं की खरं, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.